घरगुती आर्केड कॅबिनेटची जॉयस्टिक बदलायची आहे: आधी काय पाहावे?

कवडसा

नमस्कार. माझ्याकडे दोन खेळाडूंसाठी बनवलेले घरगुती आर्केड कॅबिनेट आहे. आत छोटा संगणक असून त्यावर मेम (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर) चालते आणि जॉयस्टिक व बटणे ज्यावर बसवली आहेत ते पॅनेल १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचे (दाबून बनवलेल्या लाकडी फळीचे) आहे. कॅबिनेटसोबत आलेल्या जॉयस्टिक अगदीच टाकाऊ आहेत असे नाही, पण दोन गोष्टी सतत खटकतात. पॅकमॅनमध्ये वळणाच्या जागी दांडा वेळेत फिरवला तरी पॅकमॅन बऱ्याचदा सरळच पुढे जातो. स्ट्रीट फायटर २ मध्ये खाली, तिरके आणि पुढे ही सलग हालचाल कधी उमटते, कधी उमटत नाही, आणि उजवीकडे तोंड असताना जे जमते ते डावीकडे जमत नाही.

नवीन जॉयस्टिक घेण्याचे जवळपास ठरले आहे. सान्वा जेएलएफ व सेइमित्सु एलएस-३२ या जपानी जॉयस्टिक आणि हॅप या कंपनीच्या धाटणीची उभ्या मुठीची जॉयस्टिक असे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. माझे प्रश्न असे आहेत: दोन्ही तक्रारी एकाच जॉयस्टिकने मिटतील का? आता असलेला यूएसबी एन्कोडर, म्हणजे जॉयस्टिक व बटणांच्या तारा संगणकाला जोडणारे छोटे सर्किट, तसाच ठेवता येईल का? आणि पॅनेलला किती हात लावावा लागेल? ज्यांनी स्वतः ही अदलाबदल केली आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पिंगळा

सान्वा जेएलएफ घ्या. सुटे भाग सहज मिळणारी दुसरी इतकी चांगली जॉयस्टिक नाही.

जुनी_नाणी

पिंगळा यांचे म्हणणे सुट्या भागांपुरते मला मान्य आहे, पण धागाकर्त्याच्या पहिल्या तक्रारीला ते उत्तर नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पॅकमॅन (१९८०), डाँकी काँग (१९८१), फ्रॉगर (१९८१), मिस पॅकमॅन (१९८२) आणि डिग डग (१९८२) हे सगळे खेळ चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी रचलेले आहेत. त्या जॉयस्टिकच्या आत दांड्याची धाव अडवणारी चौकट, म्हणजे गेट, अशा आकाराची असे की दांडा तिरका जाऊच शकत नसे, त्यामुळे एका वेळी एकच स्विच दाबला जाई. घरगुती कॅबिनेटवर आपण बहुधा आठ दिशांची जॉयस्टिक बसवतो. तिच्यात तिरक्या दिशेला दांडा नेला की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात, आणि एका वेळी दोन दिशा येतील अशी ज्या खेळाची अपेक्षाच नव्हती, त्याला त्यातून आपल्या मनातली दिशा ओळखता येत नाही. हाताने दांडा उजवीकडून वर नेताना तो वाटेत कोपऱ्यातून जातोच. तो कोपरा ओलांडायला लागलेला क्षण म्हणजेच तुमचे हुकलेले वळण.

त्यामुळे जॉयस्टिक कितीही नावाजलेल्या कंपनीची असली, तरी तिचे गेट आठ दिशांचे असेल तर पॅकमॅन असाच रुसेल. खरेदीआधी कंपनीपेक्षा गेटचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. आपण कोणते खेळ सर्वांत जास्त खेळतो त्यांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर मूळ यंत्रावर किती दिशांची जॉयस्टिक होती ते लिहावे. गॅलागा (१९८१) केवळ डावे-उजवे मागतो. रोबोट्रॉन: २०८४ (१९८२) दोन्ही हातांत आठ दिशांची एकेक जॉयस्टिक मागतो. क्यूबर्ट (१९८२) चार दिशाच मागतो, पण जॉयस्टिक ४५ अंशांत वळवून बसवलेली असल्यामुळे त्या चारही तिरक्या असतात. ही यादी समोर आली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मोरपंखी

जुनी_नाणी, प्रतिसाद फार उपयोगी आहे, वाचनखूण साठवली. एक शंका आहे. मेममध्ये चार दिशांचे खेळ ओळखून तिरकी दिशा गाळण्याची सोय आहे असे ऐकले होते. मग हा त्रास मेमवर का व्हावा?

तारामंडळ

मोरपंखी यांची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. मेममध्ये ती सोय आहे, पण एन्कोडर संगणकाला स्वतःची ओळख काय म्हणून करून देतो यावर तिचे वागणे बदलते.

काही एन्कोडर संगणकाला कळफलक म्हणून दिसतात. अल्टिमार्क कंपनीचा आय-पॅक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अशा वेळी प्रत्येक दिशा ही एक स्वतंत्र कळ असते, आणि चार दिशांच्या खेळात दोन शेजारच्या कळा एकदम दाबल्या गेल्या तर मेम नव्याने दाबलेल्या दिशेला प्राधान्य देते. म्हणजे उजवीकडे जाताना दांडा वरच्या कोपऱ्यात शिरला की ‘वर’ ही दिशा लगेच घेतली जाते. वळण हुकत नाही, उलट हात किंचित घसरला तरी नको तिथे वळण घेतले जाते.

दुसऱ्या प्रकारचे एन्कोडर गेमपॅड म्हणून दिसतात आणि जॉयस्टिकच्या दिशा आडव्या-उभ्या अक्षांवर पाठवतात. स्वस्तातले बहुतेक यूएसबी एन्कोडर या जातीचे असतात. अक्षांवरून आलेली माहिती दिशांमध्ये बदलण्यासाठी मेम ९ गुणिले ९ चौकटींचा एक नकाशा वापरते. चार दिशांच्या खेळांसाठी जो ठराविक नकाशा आहे त्याच्या कोपऱ्यांवर ‘आधीचीच दिशा धरून ठेव’ असा संकेत असतो. म्हणजे उजवीकडे जाताना दांडा वरच्या कोपऱ्यात गेला तरी मेम ‘उजवीकडे’ हीच दिशा धरून राहते आणि दांडा कोपरा सोडून निखळ वर पोहोचल्यावरच वळण घेते. कवडसा यांनी जे लक्षण लिहिले आहे, वेळेत वळवूनही सरळच जाणे, ते या दुसऱ्या प्रकाराशी तंतोतंत जुळते. कवडसा, आपला एन्कोडर संगणकाला कळफलक म्हणून दिसतो की गेमपॅड म्हणून, हे कृपया पाहून सांगावे.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी समंजस आहेत, पण मुद्दाम केलेले वळण आणि हाताचे घसरणे यांतला फरक सॉफ्टवेअरला कळू शकत नाही. तो फरक फक्त गेट करू शकते, कारण गेट हाताला कोपऱ्यात जाऊच देत नाही. त्यामुळे जुनी_नाणी यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत आहे.

कवडसा

तारामंडळ, तपासले. एन्कोडर गेमपॅड म्हणूनच दिसतो आणि जॉयस्टिक आडव्या-उभ्या अक्षांवर हलताना दिसते. इतके दिवस मी दोष स्विचचा समजत होतो. आता स्ट्रीट फायटरबद्दलही कोणी असेच उलगडून सांगावे.

अष्टावधानी

लढतीचे खेळ हा माझा आवडता प्रांत असल्यामुळे उत्तर देतो. स्ट्रीट फायटर २ (१९९१) आणि त्याच्या पुढच्या सगळ्या खेळांत आठही दिशा तितक्याच महत्त्वाच्या असतात, आणि तुम्ही लिहिलेली पाव वर्तुळाची हालचाल खाली, तिरकी आणि पुढची अशा तीनही दिशा क्रमाने उमटल्या तरच मानली जाते. यातली तिरकी दिशा हरवली तर खेळाला फक्त ‘खाली’ आणि ‘पुढे’ दिसते, आणि हवी ती चाल येत नाही.

तिरकी दिशा हरवण्याची दोन कारणे असतात. पहिले कारण म्हणजे जॉयस्टिकच्या आतला स्विच दाबणारा भाग, ॲक्च्युएटर, झिजलेला किंवा मुळातच लहान असणे. तसे असेल तर तिरक्या दिशेत दोन स्विच एकाच वेळी दाबले जाण्याचा पट्टा अरुंद होतो. दुसरे कारण म्हणजे दांडा ज्यावर डोलतो त्या पिव्हटमध्ये आलेला ढिलेपणा, ज्यामुळे दांडा मधल्या स्थितीत एका बाजूला झुकलेला राहतो. एका बाजूने चाल लागते आणि दुसऱ्या बाजूने लागत नाही, या तुमच्या वर्णनावरून मला दुसऱ्या कारणाचा संशय येतो. दांडा सोडून द्या आणि तो बरोबर मध्यावर उभा राहतो का ते पाहा. मग बोटाने हलकेच चारही बाजूंना ढकलून प्रत्येक स्विच किती अंतरावर टिचकतो ते कानाने ऐका. चारही अंतरे सारखी नसतील तर निदान पक्के झाले.

आता गेटबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. जेएलएफचे मूळ गेट चौकोनी असते आणि अनेक जण ते पाहताच अष्टकोनी गेट विकत घेतात, कारण अष्टकोनात प्रत्येक दिशेला हाताला खाच लागते. माझा अनुभव असा आहे की चौकोनी गेटवर थोडा काळ चिकाटीने खेळल्यास तिरक्या दिशा अधिक खात्रीने मिळतात, कारण चारही कोपरे तिरक्या दिशांचेच असतात आणि खाली बसून बचाव करताना दांडा कोपऱ्यात निश्चिंतपणे टेकवून ठेवता येतो. मात्र दांडा गेटच्या कडेवर घासत फिरवायचा नाही, स्विच टिचकला की पुढच्या दिशेकडे निघायचे, ही सवय हाताला लावावी लागते.

पिंगळा

अष्टावधानी, चौकोनी गेटच्या बाजूने इतके मुद्देसूद कोणी लिहिलेले मी वाचले नव्हते. तरीही घरात पाहुणे आणि मुले खेळणार असतील तर मी अष्टकोनी गेटच सुचवीन. सवय लावायला आपण तयार असतो, पाहुणे नसतात.

अष्टावधानी

तो मुद्दा रास्त आहे. गेट चार नख्यांवर अडकवलेले असते आणि हाताने बदलता येते, त्यामुळे दोन्ही जवळ ठेवणे अवघड नाही.

जुनी_नाणी

इथेच एक महत्त्वाची माहिती जोडतो. जेएलएफसोबत येणारे चौकोनी गेट सोडवून त्याचा आतला भाग ४५ अंशांत वळवून पुन्हा बसवला की तेच गेट चार दिशांचे होते. चौकोनाचे कोपरे मग वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे येतात, आणि तिरक्या दिशांना सपाट कड येते. जेएलएफच्या धर्तीवर बनवलेल्या बऱ्याच साध्या जॉयस्टिकमध्येही हीच रचना असते. कवडसा, आपल्या सध्याच्या जॉयस्टिकच्या तळाशी असे प्लास्टिकचे गेट आहे का ते उघडून पाहावे. असल्यास काहीही विकत न घेता पॅकमॅनचा निकाल आजच लागेल.

निःशब्द

विषयाला धरूनच, पण थोडे वेगळे विचारतो. रात्री खेळताना मायक्रोस्विचच्या टिकटिकीने घरातली माणसे जागी होतात. जॉयस्टिक बदलायचीच तर आवाज कमी असलेली कोणती घ्यावी?

तारामंडळ

निःशब्द, आपल्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे लीफ स्विचची जॉयस्टिक. हिच्यात दोन लवचिक धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकल्या की विद्युतमंडल पूर्ण होते, त्यामुळे टिचकी वाजत नाही. १९८० च्या सुमारास ही रचना सर्रास वापरली जात असे. तिची देखभाल मात्र करावी लागते, कारण पट्ट्यांच्या टोकांवर मळ बसतो आणि त्या मधूनमधून साफ करून त्यांच्यातले अंतर हलकेच वाकवून जुळवावे लागते.

दुसरा मार्ग प्रकाशकिरणावर चालणाऱ्या ऑप्टिकल जॉयस्टिकचा. हिच्यात झिजणारा विद्युतसंपर्कच नसतो आणि आवाज फक्त दांडा गेटवर आपटल्याचा येतो. घेण्याआधी एवढे पाहावे की तिला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि नेहमीच्या पाच तारांच्या जोडणीत एक ग्राउंड व चार दिशा एवढेच असल्यामुळे या पुरवठ्यासाठी वेगळी तार ओढावी लागते.

गेटवर आपटण्याचा आवाज मात्र दोन्हींत राहतोच. कोरियन पद्धतीच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंगऐवजी रबरी कडे दांड्याला मध्यावर परत आणते, आणि टेक्केन हा लढतीचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये ती विशेष प्रिय आहे. तिच्यात दांडा रबरावर टेकत असल्यामुळे आपटण्याचा नाद पुष्कळ मऊ होतो, पण हाताला तिची जाणीव इतकी वेगळी असते की शक्य असल्यास आधी हाताळून पाहावी.

सुतारपक्षी

धाग्यातल्या तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही आणि तो लाकडाचा असल्यामुळे मी लिहितो.

जपानी जॉयस्टिक मुळात धातूच्या पातळ पॅनेलसाठी रचलेल्या असतात. १८ मिलिमीटरच्या एमडीएफखाली जेएलएफ थेट स्क्रूने बसवली, तर दांड्याचा बराचसा भाग लाकडाच्या जाडीतच जातो आणि दांड्याच्या टोकाचा, हातात धरायचा गोळा वर इतका बुटका राहतो की बोटे पॅनेलवर घासतात. यावर खरा उपाय म्हणजे पॅनेलच्या खालच्या बाजूने राउटरने (लाकूड कोरण्याच्या यंत्राने) खोबण काढून जॉयस्टिकची धातूची पट्टी तिच्यात बसवणे. जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंत खोबण खोदली तर दांड्याला पुरेशी उंची मिळते आणि उरलेले लाकूडही मजबूत राहते. खोबणीचा आकार पट्टीपेक्षा किंचित मोठा ठेवावा, म्हणजे जॉयस्टिक सरळ रेषेत आणताना थोडी सरकवता येते.

दांडा लांब करणारे जोडतुकडेही मिळतात. ते गोळ्याच्या जागी फिरवून बसवायचे आणि गोळा त्यांच्यावर लावायचा. पण दांडा लांबला की त्याच्या टोकाला तेवढ्याच कोनासाठी जास्त अंतर कापावे लागते, म्हणून जॉयस्टिक सैल आणि मंद वाटू लागते. झटपट प्रतिसाद हवा म्हणून जॉयस्टिक बदलणाऱ्या माणसाने हा मार्ग शक्यतो टाळावा.

एमडीएफमध्ये लाकडाचे स्क्रू पुन्हा पुन्हा काढून लावले की भोके सैल होतात. जॉयस्टिक आपटणारी आणि हिसके खाणारी वस्तू असल्यामुळे वरून घातलेले बोल्ट आणि खालून नट ही जोडणी दीर्घकाळ टिकते. बोल्टची डोकी वर दिसू नयेत असे वाटत असेल तर खालून पितळी चूडीदार बुश बसवावेत, आणि त्यांच्यासाठी भोक पाडताना ड्रिलच्या टोकाला खोलीची खूण करावी, नाहीतर वरचा पृष्ठभाग फुगतो.

राउटर वापरायची इच्छा किंवा सोय नसेल तर हॅपच्या धाटणीची उभ्या मुठीची जॉयस्टिक घ्यावी. तिचा दांडा जाड लाकडी पॅनेल गृहीत धरूनच लांब ठेवलेला असतो आणि ती खोबणीशिवाय बसते. तिची स्प्रिंग जड असते, मूठ तळहातात नीट मावते, आणि जोर लावून खेळणाऱ्या मुलांच्या हाती ती निर्धास्तपणे देता येते. जपानी जॉयस्टिकच्या कौतुकात हिच्याकडे दुर्लक्ष होते, हे मला योग्य वाटत नाही.

मोरपंखी

सुतारपक्षी यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या कॅबिनेटवर उभ्या मुठीचीच जॉयस्टिक आहे आणि मुलांना गोळ्यापेक्षा मुठीची पकड सोपी जाते. जेएलएफचा दांडा ६ मिलिमीटरच्या आट्यांचा असतो, त्यामुळे त्याच मापाची मूठ मिळाल्यास गोळ्याऐवजी ती बसवता येते, हेही लक्षात ठेवावे. गोळा काढताना दांडा सोबत फिरू लागतो. अशा वेळी जॉयस्टिकच्या तळाशी दांड्याच्या टोकाला असलेल्या खाचेत चपटा पेचकस धरून वरचा गोळा फिरवावा.

तारामंडळ

एन्कोडरच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे राहिले होते, ते पुरे करतो.

नवीन जॉयस्टिकसाठी एन्कोडर बदलण्याची सक्ती नाही. जेएलएफची जोडणी पाच तारांची असते आणि बऱ्याच यूएसबी एन्कोडरवर त्यासाठीचे सॉकेट तयार असते. हॅपच्या धाटणीच्या जॉयस्टिकमध्ये मात्र चार सुटे मायक्रोस्विच असतात आणि प्रत्येकाला दोन तारा जोडाव्या लागतात. यांपैकी ग्राउंडची तार चारही स्विचांवरून साखळीने फिरवता येते. स्विचच्या टोकांची रुंदी बहुधा ४.८ मिलिमीटर असते, तर जपानी बटणांची टोके २.८ मिलिमीटरची असतात, म्हणून क्लिप मागवताना मापाची खात्री करावी. मायक्रोस्विचवर तीन टोके दिसली तर सामाईक आणि ‘सामान्यतः उघडे’ ही दोन वापरावीत. तिसऱ्या टोकाला तार गेली तर ती दिशा हात न लावताच सतत दाबलेली दिसते आणि सोडल्यासारखी तेव्हा वाटते जेव्हा आपण ती दाबतो.

पहिल्यांदा जोडणी करणाऱ्याला हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. दांडा पिव्हटवर डोलत असल्यामुळे गोळा वर नेला की खालचे टोक उलट दिशेला जाते आणि खेळाडूच्या बाजूचा स्विच दाबला जातो. म्हणजे ‘वर’ची तार खालच्या स्विचला आणि ‘डावीकडे’ची तार उजव्या स्विचला लागते. हे एकदा कागदावर काढून घेतले की पुढचे सगळे सरळ होते.

आता विलंबाबद्दल. जॉयस्टिक बदलल्याने खेळ अधिक चपळ होईल अशी अपेक्षा अनेकांची असते. बहुतेक जुने खेळ सेकंदाला सुमारे ६० फ्रेम दाखवतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. संगणक यूएसबी उपकरणाकडे सेकंदाला १२५ वेळा विचारणा करत असेल तर दोन विचारणांमध्ये ८ मिलिसेकंद जातात, आणि १००० वेळा करत असेल तर १ मिलिसेकंद जातो. त्यापलीकडे पडद्याचा स्वतःचा विलंब असतो, आणि दूरचित्रवाणी संच पडदा म्हणून वापरला असल्यास त्याची गेम मोड सुरू केल्याने पडणारा फरक जॉयस्टिक बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा सहसा मोठा असतो. जॉयस्टिकने मिळते ती अचूकता, म्हणून विलंबाची तक्रार असेल तर आधी पडदा आणि एन्कोडर तपासावेत.

पिंगळा

पडद्याचा मुद्दा आवडला. पॅकमॅनमधल्या भुतांना मात्र कोणताच विलंब लागू होत नाही, एवढे नक्की.

कवडसा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पहिल्या खेळाडूची जॉयस्टिक काढून उघडली. तळाशी जेएलएफसारखेच चौकोनी गेट निघाले. जुनी_नाणी यांनी सांगितल्याप्रमाणे ते ४५ अंशांत वळवून बसवले, आणि पॅकमॅन एकदम आज्ञाधारक झाला. वळणे वेळेवर लागतात आणि हाताला आपण नेमक्या कोणत्या दिशेला आहोत ते जाणवते. डाँकी काँगमध्ये शिडीवर चढतानाची धडपडही थांबली.

अष्टावधानी यांचा संशयही खरा ठरला. दांडा सोडल्यावर तो किंचित उजवीकडे झुकून थांबतो, आणि डावीकडे ढकलताना स्विच बराच उशिरा टिचकतो. पिव्हटचा गोळा आणि त्याची खोबण दोन्ही झिजून चकचकीत झाले आहेत. त्यामुळे निदान एक जॉयस्टिक तरी बदलावी लागेल हे आता स्पष्ट आहे. अडचण अशी की पॅकमॅन आणि स्ट्रीट फायटर हे दोन्ही खेळ आमच्याकडे रोज खेळले जातात, आणि दर वेळी पॅनेल उघडून गेट वळवणे शक्य नाही.

जुनी_नाणी

आपल्या गरजेसाठी तीन वाटा आहेत. पॅनेलच्या मध्यभागी, दोन्ही खेळाडूंच्या मधोमध, चार दिशांची तिसरी जॉयस्टिक बसवणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची वाट आहे. चार दिशांचे बहुतेक खेळ एकेकट्याने आळीपाळीने खेळायचे असल्यामुळे मधली एक जॉयस्टिक दोघांनाही पुरते. तिच्या तारा पहिल्या खेळाडूच्या जॉयस्टिकच्या तारांना समांतर जोडल्या तर एन्कोडरवर नवीन जागाही लागत नाही.

दुसरी वाट म्हणजे चार आणि आठ दिशांत बदलता येणारी जॉयस्टिक. अल्टिमार्कची मॅग-स्टिक प्लस ही दांडा वर खेचून फिरवला की पॅनेल न उघडता बदलते. त्यांच्याच सर्वोस्टिकमध्ये एक छोटी मोटर गेट फिरवते आणि खेळ निवडताच सॉफ्टवेअर तिला आज्ञा देऊ शकते.

तिसरी वाट अल्ट्रास्टिक ३६०ची. तिच्यात स्विचच नसतात, दांड्याची जागा चुंबकीय संवेदक मोजतो आणि प्रत्येक खेळासाठी वेगळा नकाशा तिच्यात भरता येतो. ती विलक्षण लवचिक आहे, पण नकाशा चार दिशांचा असला तरी हाताला गेटची कड जाणवत नाही, आणि वर आपण ज्या कारणासाठी गेटचे महत्त्व सांगितले ते कारण इथे उरतेच. त्यामुळे पॅकमॅन मनापासून खेळणाऱ्याला मी मधल्या तिसऱ्या जॉयस्टिकचाच सल्ला देईन.

अष्टावधानी

मीही तिसऱ्या जॉयस्टिकच्या बाजूने आहे. त्यामुळे खेळाडूंच्या दोन्ही जॉयस्टिक लढतीच्या खेळांना साजेशा निवडता येतील. जेएलएफची मूळ स्प्रिंग हलकी असते. तुम्हाला घट्ट दांडा आवडत असेल तर अधिक ताठ स्प्रिंग मिळते, आणि किंचित मोठा ॲक्च्युएटर लावला तर स्विच लवकर टिचकतो. सेइमित्सु एलएस-३२ मुळातच अधिक ताठ असून तिची धाव आखूड आहे. विमाने उडवत गोळ्या चुकवण्याच्या खेळांत छोट्या हालचाली लागतात, तिथे ती फार आवडते. तुमच्या यादीत लढतीचे खेळ वरचढ असल्यामुळे मी जेएलएफ घेईन आणि आधी तिच्यात काहीही न बदलता खेळून पाहीन.

मोरपंखी

नवीन जॉयस्टिक आल्यावरही जुनी फेकू नका. तिचे गेट चार दिशांचे करून ठेवले आहेच.

कवडसा

दुसऱ्या खेळाडूची जुनी जॉयस्टिक अजून सुस्थितीत आहे, तीच चार दिशांच्या गेटसह मध्यभागी बसवतो आणि दोन्ही खेळाडूंसाठी जेएलएफ घेतो. एन्कोडर सध्या तोच राहील. सुतारपक्षी, मधल्या जॉयस्टिकसाठी भोक पाडण्याआधी आणखी काय पाहावे?

सुतारपक्षी

तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पॅनेलखालची मोकळी जागा. जॉयस्टिकचे खोके दांड्याच्या चहूबाजूंना बरेच पसरलेले असते, आणि पॅनेलच्या पुढच्या फळीला, बिजागरीला किंवा आडव्या पट्टीला ते टेकत नाही याची खात्री मागची बाजू मोजूनच करावी. वरून मोजून भोक पाडले तर जागा बरोबर दिसते आणि जॉयस्टिक बसत नाही. दुसरी म्हणजे हाताची जागा. मधली जॉयस्टिक दोन्ही खेळाडूंच्या ओळीपेक्षा थोडी वर, पडद्याकडे ठेवावी, म्हणजे पहिल्या खेळाडूच्या बटणांवर मनगट पडत नाही. तिसरी म्हणजे दिशा. पट्टी पॅनेलच्या पुढच्या कडेला काटकोनात आहे की नाही हे गुण्याने तपासावे, कारण चार दिशांचे गेट जरासे जरी फिरलेले राहिले तरी ‘वर’ ढकलताना हात सतत एका बाजूला ओढला जातो.

भोक पाडताना एमडीएफच्या खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट आवळून धरावा, वरून चिकटपट्टी लावावी आणि होल सॉ (गोल भोक कापणारे ड्रिलचे पाते) मंद गतीने चालवावा. एमडीएफची धूळ बारीक आणि घातक असते, म्हणून मास्क लावावा आणि काम सुरू करण्याआधी पॅनेलवरची सगळी बटणे व तारा काढून ठेवाव्यात.

तारामंडळ

तारा काढण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून नाव लिहावे आणि पॅनेलच्या खालच्या बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे. जुनी जॉयस्टिक उघडलीच आहे तर पिव्हटवर प्लास्टिकला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस थोडेसे लावावे. फवाऱ्याचे पातळ तेल वापरू नये, कारण ते असलेले ग्रीस विरघळवते, धूळ धरते आणि ओघळून स्विचपर्यंत पोहोचते. दांडा अडकवणारी छोटी ई-क्लिप काढताना वर कापड धरावे. ती उडाली की सापडत नाही.

मधली जॉयस्टिक समांतर जोडल्यावर दोन्ही जॉयस्टिकच्या चारही दिशा एकेक करून संगणकाच्या चाचणी-पडद्यावर पाहाव्यात, आणि त्या जुळल्या की मगच पॅनेल बंद करावे.